डबा भरलेला परत येऊ लागला तर : मुलांचे खाणे, शरीराची लाज आणि हातातला फोन

शाळेतून परत आलेला डबा बहुतेक घरांत सरळ घासायला जातो. एका आईने तो एकदा उघडून पाहिला, तेव्हा पोळी घडीसकट जशीच्या तशी होती आणि बटाट्याच्या फोडी एका कडेला सारून ठेवलेल्या होत्या. मुलगी नववीत होती. ‘परीक्षा जवळ आली आहे, ताण असेल’ असे म्हणण्यात तीन आठवडे गेले. त्याच तीन आठवड्यांत ही मुलगी धाकट्या भावासाठी हौसेने केक करू लागली होती, रात्री पाककृतींच्या रील पाहत जागत होती आणि स्वतःच्या जेवणाची वेळ आली की ‘मैत्रिणीकडे खाऊन आले’ एवढेच सांगत होती. समुपदेशक म्हणून माझ्याकडे हे कुटुंब आले, तेव्हा वडिलांचा पहिला प्रश्न होता, ‘फोन काढून घेऊ का?’

हा प्रश्न आज अनेक घरांत विचारला जातो, म्हणून हे लिहीत आहे. माझे उत्तर असे की, फोन हिसकावण्याआधी तो मुलीच्या शेजारी बसून नीट पाहावा, आणि आजार जडलेला दिसत असेल तर फोनच्या वादात वेळ न घालवता आधी डॉक्टर गाठावा. लेखात वजनाचे, उष्मांकांचे किंवा कंबरेच्या मापाचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत. हा लेख मुलांच्याही हाती पडू शकतो, आणि या आजारात सापडलेले मूल कोणताही आकडा स्वतःशी लावलेल्या पैजेसारखा वापरते.

नाराजी आणि आजार यांत फरक करावा

आरशासमोर उभे राहून ‘माझे हात किती जाड आहेत’ असे म्हणणारी प्रत्येक मुलगी आजारी नसते. वयात येताना शरीर झपाट्याने बदलते, मुलींच्या अंगावर चरबी वाढणे हा त्या वाढीचाच भाग असतो, आणि त्या काळात स्वतःच्या शरीराबद्दल नाराजी वाटणे सर्रास आढळते. या नाराजीवर घरच्या घरी बरेच काही करता येते. आहारविकार मात्र वेगळी गोष्ट आहे. ॲनोरेक्सियात खाणे कमी कमी होत जाते आणि वजन घटूनही भीती कमी होत नाही. बुलिमियात भरमसाट खाणे आणि नंतर ते उलटी, कडकडीत उपास किंवा अति व्यायाम करून ‘भरून काढणे’ असे चक्र चालते. बिंज ईटिंगमध्ये ताबा सुटल्यासारखे खाल्ले जाते आणि मागे केवळ लाज उरते. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र विकाराचे स्थान २०१३ मध्ये मिळाले. हे तिन्ही आजार आहेत. हट्ट, नखरे किंवा ‘फॅड’ म्हणून त्यांच्याकडे पाहिले की उपचाराला उशीर होतो.

आणखी एक गैरसमज आपल्याकडे पक्का बसलेला आहे. हाडे दिसणारी मुलगी म्हणजेच ॲनोरेक्सिया, असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात आधी अंगाने भरलेले मूल काही महिन्यांत खूप वजन घटवते आणि तरीही दिसायला ‘नॉर्मल’ असते. त्याचे हृदय, त्याची पाळी, त्याची हाडे यांवर तोच परिणाम होत असतो. फरक इतकाच की, या मुलाला सगळे शाबासकी देत असतात.

फोनवर किती दोष ठेवावा

विल्यम गल या इंग्रज डॉक्टरांनी ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव १८७० च्या दशकात रूढ केले, तेव्हा फोन नव्हता आणि सिनेमाही नव्हता. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून या विकारांमागे आनुवंशिकतेचा मोठा वाटा असल्याचे दिसले आहे. त्यामुळे ‘इन्स्टाग्रामने माझ्या मुलीला आजारी केले’ हे वाक्य अपुरे आहे, आणि ‘आम्हीच कुठेतरी चुकलो’ हे वाक्यही तितकेच अपुरे आहे.

तरीही चित्रांची ताकद कमी लेखू नये. फिजी बेटांवरील नाद्रोगा प्रांतात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली. तिथे पूर्वापार भरल्या अंगाचे कौतुक होते आणि कोणी वाळू लागले की घरचे काळजीत पडत. आपल्या आजीच्या ‘किती वाळलीस गं’ची आठवण व्हावी असेच ते वातावरण होते. ॲन बेकर या मनोविकारतज्ज्ञ संशोधिकेने १९९५ मध्ये आणि पुन्हा १९९८ मध्ये तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन कमी करण्यासाठी उलटी काढणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती. तीन वर्षांनी असे सांगणाऱ्या मुली सुमारे ११ टक्के होत्या. नमुना लहान होता हे खरे, परंतु ज्या समाजात बारीकपणाचे कौतुकच नव्हते, तिथे तीन वर्षांत हे घडले.

त्या मुली ठरावीक वेळी लागणाऱ्या मालिका पाहत होत्या. आजच्या फोनमध्ये दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली ही की, पडद्यावरची व्यक्ती आता परदेशी नटी नसते. ती शेजारच्या सोसायटीतली, आपल्याच वयाची, आपल्याच बोलीत बोलणारी मुलगी असते, आणि म्हणून तिच्याशी तुलना अधिक बोचते. दुसरी ही की, काय दाखवायचे हे आपण कशावर किती वेळ रेंगाळतो यावरून ठरते. भारतात टिकटॉकवर २९ जून २०२० रोजी बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने इथे रील सुरू केल्या, तेव्हापासून आपल्या मुलांचे बरेचसे पाहणे या पद्धतीचे झाले आहे. डिजिटल द्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या एका संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. तिने टिकटॉकवर १३ वर्षांच्या मुलांच्या नावे नवी खाती उघडली आणि शरीर व मानसिक आरोग्य यांविषयीच्या चित्रफितींवर थोडे थांबून त्या ‘लाइक’ केल्या. आहारविकाराशी संबंधित मजकूर ८ मिनिटांच्या आत समोर येऊ लागला.

फेसबुक कंपनीच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी २०२१ मध्ये बाहेर आणलेल्या अंतर्गत कागदपत्रांत असे नोंदवलेले होते की, ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत होते, त्यांपैकी ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटू लागल्याचे सांगितले. हा मुलींनी स्वतः सांगितलेला अनुभव आहे, त्यावरून कारण सिद्ध होत नाही, आणि या निष्कर्षांचा विपर्यास झाला असे कंपनीचे म्हणणे होते. मला मात्र त्यात पालकांच्या कामाची गोष्ट दिसते. आधीच दुखावलेल्या मुलीला त्याच जागी पुन्हा टोचले जाते, म्हणून फोनआधी दुखरी जागा कोणती ते शोधावे.

शेजारी बसून वीस रील पाहाव्यात

त्या नववीतल्या मुलीच्या वडिलांना मी सांगितले होते, ‘एका रविवारी दुपारी तिच्या शेजारी बसा, तिच्याच हातात फोन राहू द्या आणि तिच्या फीडमधल्या सलग वीस रील दोघांनी पाहा. काही बोलू नका. वहीच्या मागच्या पानावर फक्त रेघा मारा.’ रेघांचे रकाने चार: शरीर किंवा वजन, खाणे, चेहरा किंवा त्वचा, आणि बाकी सगळे. त्यांनी आणलेल्या पानावर शरीराच्या रकान्यात सात रेघा होत्या, खाण्याच्या रकान्यात पाच आणि चेहऱ्याच्या रकान्यात तीन. वीसपैकी पंधरा. वडील म्हणाले, ‘माझ्या फोनवर तर सगळे क्रिकेट आणि शेतजमिनीचे व्हिडिओ येतात.’ एकाच सोफ्यावर बसलेल्या दोन माणसांना दोन वेगळी जगे दिसत होती आणि हे दोघांनाही त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

या पाहणीत काही पथ्ये पाळावीत. मुलीला आधी विचारावे आणि ती नको म्हणाली तर पुढच्या आठवड्यावर टाकावे. खासगी संदेश वाचू नयेत. जिवाला धोका असल्याची शंका असेल तेव्हाच हा नियम मोडावा, आणि मोडला तर तिला तसे सांगावे. कोणत्याही व्यक्तीची चेष्टा करू नये, कारण ज्या मुलीला आपण ‘ही बघ कशी काडी’ म्हणतो, तीच कदाचित आपल्या मुलीची आदर्श असते, आणि शरीरावरून माणसाला नावे ठेवता येतात हेच तिच्या मनात पुन्हा पक्के होते. त्याऐवजी एकच प्रश्न पुरतो: ‘हे पाहून झाल्यावर तुला बरे वाटते, वाईट वाटते, की काहीच वाटत नाही?’ उत्तर एका शब्दात आले तरी चालते.

पाहताना कोणत्या प्रकारच्या रील जास्त आहेत, त्याकडे पालकांनी मनात लक्ष ठेवावे. ‘मी दिवसभरात काय खाते’ या प्रकारच्या चित्रफिती निरुपद्रवी दिसतात, परंतु त्यांची सुरुवात पोटाच्या दर्शनाने होत असेल, तर सांगायची गोष्ट जेवण नसून पोट असते. ‘आधी–नंतर’ची चित्रे, लग्नाआधी इतक्या दिवसांत बारीक झालेल्या नवऱ्या, आणि ‘डिटॉक्स’ नावाने विकले जाणारे चहा हे पुढचे प्रकार. सर्वांत फसवा प्रकार आजारातून बरे झाल्याच्या कहाण्यांचा असतो. त्यांतल्या काही खरोखर आधार देतात. काहींमध्ये मात्र सर्वांत खंगलेल्या दिवसांचे फोटो इतक्या बारकाईने मांडलेले असतात की आजारी मूल त्यांच्याकडे स्पर्धक म्हणून पाहते.

फीड बदलण्याचे काम

हे काम पालकांनी मुलीच्या नकळत करू नये. तिच्याच हाताने, तिच्याच वेगाने व्हावे, नाहीतर ती दुसरे खाते उघडते आणि ते आपल्याला कधीच दिसत नाही. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये मजकुराच्या आवडीनिवडींचा भाग आहे. तिथून सुचवलेला मजकूर एकदम कोरा करून नव्याने सुरुवात करण्याची सोय २०२४ च्या अखेरीस आली. ती वापरावी, आणि त्यानंतरचे काही दिवस नको ती रील आली की तीन ठिपक्यांवर दाबून ‘नॉट इंटरेस्टेड’ निवडावे. नुसते वर सरकवणे पुरत नाही, कारण रागाने किंवा किळसेने थांबून पाहिले तरी यंत्राच्या लेखी ते पाहणेच असते. नको असलेले शब्द गाळण्याची आणि लाइकचे आकडे लपवण्याची सोयही तिथेच मिळते. यूट्यूबवर पाहिल्याचा इतिहास पुसून तो बंद ठेवला, तर पहिल्या पानावरच्या शिफारसीच दिसेनाशा होतात, आणि मूल बरेचसे स्वतः शोधूनच पाहते. माझ्या मते हा सर्वांत सोपा उपाय आहे. अठरा वर्षांखालील मुलांसाठी इन्स्टाग्रामची वेगळी, अधिक बंधने असलेली खाती २०२५ पासून भारतातही आली आहेत, मात्र मुलाने जन्मवर्ष खोटे दिलेले असेल तर त्यांचा उपयोग नाही, म्हणून ते एकदा तपासावे.

कोऱ्या फीडमध्ये काहीतरी भरावेही लागते. मुलीला ज्याची खरी आवड आहे, मग ती सुलेखनाची असो, गडकिल्ल्यांची, मांजरांची किंवा कबड्डीची, त्याची खाती तिने मुद्दाम शोधून घ्यावीत. ‘शरीरावर प्रेम करा’ असा जप करणारी खाती भरण्याच्या मी फारशी बाजूची नाही. त्यांतही दिवसभर चर्चा शरीराचीच होत असते.

याच बैठकीत पावले मोजणारे घड्याळ, उष्मांक मोजणारी ॲप आणि स्नानगृहातला वजनकाटा यांचाही निकाल लावावा. ज्या मुलाच्या खाण्याबद्दल शंका आहे, त्याच्या घरात ही तिन्ही साधने काही महिने नसलेलीच बरी. वजन पाहायचे असेल तर ते दवाखान्यात पाहिले जाईल.

कॅमेऱ्याची लबाडी हातानेच पडताळावी

मुलांना ‘ते फोटो खोटे असतात’ हे ठाऊक असते आणि ठाऊक असूनही त्रास होतो, म्हणून व्याख्यानापेक्षा प्रयोग बरा. हात लांब करून सेल्फी घ्यावा, मग त्याच उजेडात दुसऱ्याला पाच फुटांवर उभे करून तोच चेहरा टिपावा, आणि दोन्ही चित्रे शेजारी ठेवावीत. सुमारे ३० सेंटीमीटरवरून घेतलेल्या फोटोत नाक जवळजवळ ३० टक्के रुंद भासते, असे अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ मध्ये गणिती प्रारूपाने दाखवले होते. आपल्या नाकावर नाराज झालेल्या एका मुलाने हा प्रयोग करून पाहिला आणि तो बराच वेळ दोन्ही फोटोंकडे आळीपाळीने पाहत बसला. नंतर फोनच्या कॅमेऱ्यातील ‘ब्यूटी’ ही सोय आधीपासून चालू आहे का तेही पाहावे. बऱ्याच फोनमध्ये ती चालू असते आणि रोज गुळगुळीत, उजळ केलेला स्वतःचा चेहरा पाहणाऱ्या मुलीला आरशातला चेहरा हळूहळू परका वाटू लागतो. गोरेपणाचे आपले जुने वेड या यंत्राने मुकाट्याने पुढे चालवले आहे.

नॉर्वेत १ जुलै २०२२ पासून शरीर बदलून दाखवणाऱ्या जाहिरातींवर तशी खूण करणे सक्तीचे आहे. आपल्याकडे तशी सक्ती नाही. मुंबईस्थित जाहिरात मानक परिषदेने २०२३ मध्ये मात्र असे ठरवून दिले की, आरोग्य आणि पोषण यांबाबत सल्ला देणाऱ्या इन्फ्लुएन्सरनी आपली पात्रता आणि प्रमाणपत्र जाहीर करावे. मुलाला कोणाचा आहारसल्ला पटला असेल तर ‘हिने काय शिकले आहे, ते कुठे लिहिले आहे, दाखव बरे’ असे विचारण्याचा हक्क आपल्याला तिथून मिळतो.

घरातले बोलणे

फीड स्वच्छ केले आणि जेवणाच्या टेबलावर ‘आज दोन गुलाबजाम खाल्ले, आता उद्या उपास’ हे चालू राहिले, तर फारसे काही साधत नाही. आईचे दिवसातून दोनदाच जेवण्याचे प्रयोग, वडिलांचे स्वतःच्या ढेरीवरचे विनोद, काकूंचे ‘गोरी आणि सडपातळ सून हवी’ हे सगळे मुले ऐकत असतात. मोठ्यांना प्रकृतीसाठी पथ्य असेल तर ते जरूर पाळावे, पण त्याची जाहीर चर्चा ताटावर करू नये.

गणपतीत आणि लग्नसराईत नातेवाईक भेटतात, तेव्हा पहिले वाक्य शरीराबद्दलच असते. ‘काय गं, चांगली सुटलीस!’ हे वाक्य बोचते हे आपल्याला कळते. ‘अगं बाई, किती बारीक झालीस, काय केलंस?’ हे वाक्य अधिक घातक ठरू शकते हे चटकन ध्यानात येत नाही, कारण उपाशी राहणाऱ्या मुलीला त्यातून नेमकी हवी ती पावती मिळते. म्हणून जाण्याआधी जवळच्या एका व्यक्तीला फोन करून सांगावे: ‘आत्या, तिच्या अंगाबद्दल यंदा कोणी काही बोलायला नको. तिच्या कबड्डीबद्दल विचारा, तिला फार आवडेल.’ बहुतेक आत्या हे ऐकतात, आणि बाकीच्यांनाही गप्प बसवतात.

उपासांचा प्रश्न नाजूक आहे. संकष्टी, एकादशी, नवरात्रीचे नऊ दिवस, मार्गशीर्षातले गुरुवार यांना घरात मान असतो, आणि न जेवण्याचे कारण शोधणाऱ्या मुलीला त्याहून सुरक्षित आडोसा मिळत नाही. कालपर्यंत साबुदाण्याच्या खिचडीसाठी उपास धरणारी मुलगी आता खिचडीही न खाता उपास करते आहे, एकाचे दोन, दोनाचे चार उपास होत आहेत, हे दिसले की सावध व्हावे. आजारी माणसाला उपासातून सूट देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. तिला नैवेद्य दाखवायला, आरतीला, रांगोळीला पुढे करावे आणि उपास घरातल्या दुसऱ्या कोणीतरी धरावा.

मुलग्यांकडे दुर्लक्ष नको

मुलगा जिमला जाऊ लागला की घरात आनंद होतो. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात एक विकार वर्णन केला, ज्यात पिळदार मुलालाही आपण किरकोळच आहोत असे सतत वाटते. त्याची सुरुवात ‘कटिंग’ म्हणजे चरबी उतरवणे आणि ‘बल्किंग’ म्हणजे भरपूर खाऊन अंग वाढवणे यांच्या रीलपासून होऊ शकते, पुढे घरचे जेवण ‘अशुद्ध’ ठरते, फक्त उकडलेली अंडी आणि डब्यातली पावडर उरते, एक दिवस व्यायाम चुकला तर चिडचिड होते, आणि तालुक्याच्या गावातही कोणीतरी इंजेक्शन सुचवणारा भेटतो. कोल्हापूरच्या तालमीतला खुराक मोठा असे, पण तिथले शरीर कुस्तीसाठी कमावले जाई आणि त्याचा निकाल आखाड्यात लागे. आरशासाठी कमावलेल्या शरीराला निकालच नसतो. मुलगा शर्ट काढायला लाजू लागला, उन्हाळ्यातही सैल जाडे कपडे घालू लागला, पंगतीला बसेनासा झाला, तर मुलीच्या बाबतीत जे करू तेच त्याच्याही बाबतीत करावे.

आजाराची चिन्हे

पुढील गोष्टींपैकी दोन-तीन एकदम दिसल्या तर वाट पाहू नये: पाळी थांबणे किंवा लांबत जाणे, सतत थंडी वाजणे, हातापायांची बोटे गार पडणे, केस गळणे, आणि अंगावर मऊ बारीक लव येणे, उभे राहताना चक्कर, जेवल्यावर लगेच न्हाणीघरात जाणे आणि नळ चालू ठेवणे, बोटांच्या मागच्या सांध्यांवर घट्टे, गालांच्या मागे सूज, दातांची झीज. वागण्यात सर्वांसोबत जेवणे टाळणे, पोळीचे बारीक तुकडे करून ताटात फिरवत राहणे, आणि स्वतः न खाता इतरांना आग्रहाने खाऊ घालणे दिसते.

या शेवटच्या गोष्टीने पालक गोंधळतात. ‘दिवसभर खाण्याचेच व्हिडिओ पाहते, मग भूक नाही कशी?’ अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४–४५ मध्ये ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग झाला. सहा महिने अपुरे अन्न मिळाल्यावर हे तरुण स्वयंपाकाची पुस्तके वाचू लागले, पाककृती जमवू लागले, तासभर ताट चिवडत बसू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. त्यांना कोणताही मानसिक आजार नव्हता. उपाशी मेंदू असाच वागतो. केक करणारी ती मुलगी म्हणूनच केक करत होती, आणि तिच्या बदललेल्या स्वभावापैकी किती तिचा आणि किती उपासमारीचा, हे पोट भरू लागल्याशिवाय कळणार नसते.

आपल्याकडे आणखी एक अडचण येते. भारतात आणि हाँगकाँगमध्ये नोंदलेल्या कित्येक रुग्णांनी ‘मला जाड होण्याची भीती वाटते’ असे म्हटलेच नाही. पोट फुगते, जेवण पचत नाही, भूकच नाही, असे ते सांगत राहिले. अशी मुले महिनोन् महिने पोटाच्या डॉक्टरांकडे फिरत राहतात, सोनोग्राफी, एंडोस्कोपी सगळे ठीक येते आणि ॲसिडिटीच्या गोळ्या बदलत राहतात. तपासण्या निर्दोष असूनही वजन घटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांचे मत घ्यायला हवे, हे डॉक्टरांना आपणहून सुचवावे.

बोलायचे कसे

जेवणाच्या वेळी हा विषय काढू नये. गाडीतून जाताना, कपड्यांच्या घड्या घालताना, जिथे डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही, अशा वेळी काढावा. दिसलेली गोष्ट सांगावी, निष्कर्ष सांगू नये: ‘या महिन्यात डबा बरेचदा तसाच परत आला. तुला थंडीही फार वाजते आहे. मला काळजी वाटते.’ ती नाकारेल, चिडेल, कदाचित खोलीत निघून जाईल. ‘लोकांना खायला मिळत नाही आणि तुला सगळे असून’ हे वाक्य कितीही ओठांवर आले तरी गिळावे. शपथा घालू नयेत, ‘माझ्यासाठी एक घास’ असा सौदाही करू नये. मात्र डॉक्टरकडे जाणे हा मुलीच्या संमतीचा प्रश्न ठेवू नये. ताप आल्यावर आपण तिची परवानगी घेत नाही. ‘शनिवारी सकाळी जायचे आहे, मी बरोबर आहे’ एवढे पुरे.

उपचार कुठे आणि कसे

पहिली भेट बालरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियन यांच्याकडे असावी, कारण आधी शरीर सुरक्षित आहे ना हे पाहावे लागते. नाडी, झोपून आणि उभे राहून रक्तदाब, इसीजी, आणि रक्तातील पोटॅशियम व फॉस्फेट या तपासण्या होतात. रक्ताचा अहवाल ठीक आला म्हणजे आजार नाही, असे समजू नये. शरीर बराच काळ निभावून नेते. पुढे मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि या आजाराचा अनुभव असलेले आहारतज्ज्ञ यांची गरज लागते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि जिल्हा रुग्णालयांत मनोविकार विभागाची बाह्यरुग्ण सेवा मिळते, किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतात, आणि ‘टेलिमानस’ या सरकारी दूरध्वनी सेवेवर १४४१६ या क्रमांकाने दिवसरात्र मराठीत बोलता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यायचे आहे, म्हणून पॉलिसी घरातल्या कपाटातून बाहेर काढून ठेवावी.

मूल बेशुद्ध पडले, छातीत धडधड किंवा दुखणे सुरू झाले, पाणीही घेईनासे झाले, उलटीतून रक्त आले, जागेपणी नाडी मिनिटाला ५० च्या खाली गेली, किंवा ‘जगावेसे वाटत नाही’ असे बोलले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बरेच दिवस जवळजवळ काहीच न खाल्लेल्या मुलाला घाबरून एकदम पोटभर खायला घालणे मात्र टाळावे. उपाशी शरीरात अन्न अचानक गेले की रक्तातील फॉस्फेट झपाट्याने घसरते आणि हृदयावर बेतू शकते. अशा वेळी खाणे वाढवण्याचे काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने होते.

किशोरवयीन मुलांच्या ॲनोरेक्सियासाठी सर्वांत चांगला पुरावा असलेली पद्धत कुटुंबाला धरून चालते. ती लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात १९८० च्या दशकात आकाराला आली. त्यात सुरुवातीला काय आणि किती खायचे हे आईवडील ठरवतात, एकजण प्रत्येक जेवणाला सोबत बसतो, ताट संपेपर्यंत शांतपणे बसून राहतो, आणि वजन सावरले की निर्णय हळूहळू मुलाकडे परत जातात. आपल्या घरांत हे जमण्यासारखे आहे, कारण जेवायला वाढणारे माणूस घरात असते. कठीण जाते ते आजी, आई आणि वडील या तिघांनी एकच भाषा बोलणे. एकाने ‘राहू दे आता’ म्हटले की त्या दिवसाचे जेवण हातचे जाते.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. ‘जेवताना पडदा नको’ हा नियम मी सगळ्या घरांना सांगते, पण बरे होऊ लागलेल्या मुलीला ताटासमोर बसणेच असह्य होत असेल, तर जेवणापुरती एखादी विनोदी मालिका लावलेली चालते. त्या नववीतल्या मुलीने वरणभाताची पहिली पूर्ण वाटी बाबांसोबत जुना क्रिकेट सामना पाहता पाहता संपवली. वडिलांना त्या सामन्याचा निकाल आधीच ठाऊक होता, तरी ते शेवटच्या षटकापर्यंत बसून राहिले.

बरे होण्याला महिने लागतात, कधी वर्षे, आणि मध्ये आजार पुन्हा उलटतोही. दहावी-बारावीची परीक्षा, प्रेमभंग, एखाद्या मैत्रिणीचा शेरा ही नेहमीची निमित्ते. पुण्या-मुंबईच्या वसतिगृहात जाणे हे सर्वांत मोठे. जाण्याआधी तीन गोष्टी ठरवाव्यात: तिथे महिन्यातून एकदा तपासणीला कोणत्या डॉक्टरकडे जायचे, मेस आवडली नाही तर दुसरी सोय कोणती, आणि जेवण चुकायला लागले तर तिने न लाजता फोन कोणाला करायचा. बहुधा त्याच सुमारास नवा फोनही घेतला जातो. त्यावर जुने खाते उघडले की शिफारसीही जुन्याच येतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी वही काढून पुन्हा एकदा वीस रील शेजारी बसून पाहाव्यात.